सारायेव्होची गोळी आणि आपल्या गावची शिळा

मंडळी, सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत चावडीच्या नाहीतर जुन्या शाळेच्या भिंतीत एक लहानशी दगडी पाटी बसवलेली दिसते. अक्षरे बहुधा इंग्रजी आणि मजकूर दोन ओळींचा: या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली, त्यांपैकी इतकी मरण पावली. नाव एकाचेही नाही, नुसते आकडे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून गेलेल्यांपैकी तर शेहेचाळीस जण परत आले नाहीत. मुले त्या पाटीला पाठ टेकून बसतात, उन्हाळ्यात तिच्या खाली कोणी सायकल लावतो. पण एखाद्या चौकस पोराने विचारले, की "गुरुजी, ही माणसे कुणाशी भांडायला गेली होती?", तर उत्तर देणे सोपे नाही.

कारण त्या लढाईची सुरुवात आपल्यापासून हजारो कोस दूर, सारायेव्हो नावाच्या शहरात झाली. २८ जून १९१४ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी मोटारीतून चालले होते. सकाळीच त्यांच्यावर एक बाँब फेकला गेला होता, तो चुकला. पुढे ड्रायव्हरने चुकीचे वळण घेतले, गाडी थांबवली, आणि नेमका तिथेच गाव्रिलो प्रिन्सिप हा एकोणीस वर्षांचा पोरगा पिस्तूल घेऊन उभा होता. दोन गोळ्या सुटल्या, दोघेही गेले. त्यानंतर सदतीस दिवसांत सारा युरोप लढाईत उतरला होता. आता त्या पोराचा आणि अपशिंग्याच्या शेतकऱ्याचा काय संबंध? तोच आज आपल्याला शोधायचा आहे.

आधी घरचा दाखला घेऊ. दोन भाऊबंदांच्या शेतांत एक बांध आहे. एकाला वाटते, दुसरा दर नांगरटीला बांध तासभर कोरतो. भांडण होते, शिवीगाळ होते, पण बहुतेक वेळा डोकी फुटत नाहीत. का? तर तलाठी आहे, मोजणीवाला आहे, मामलेदार कचेरी आहे, आणि वर दिवाणी कोर्ट आहे. न्याय मिळायला दहा वर्षे लागतील, पण मिळण्याची सोय आहे. आता कल्पना करा, की यांपैकी काहीच नाही. मग पहिला भाऊ रात्री उशाशी कुऱ्हाड घेऊन झोपेल. त्याच्या मनात मारामारी नसेल, नुसती सावधगिरी. पण दुसऱ्याला मन दिसत नाही, कुऱ्हाड दिसते. तो भाला आणील आणि परगावचा मेहुणा बोलावून घेईल. मेहुणा आला हे पाहून पहिला आपल्या सासऱ्याला सांगावा धाडील. महिनाभराने दोन्हीकडे वीस-वीस माणसे जमतील, आणि एकाच विचाराने कुणालाही झोप येणार नाही: आज माझी बाजू भारी आहे, उद्या त्याची झाली तर?

राज्यांचे नेमके असे आहे. राज्यांच्या वर मामलेदार नाही. थ्युसिडिडीझ नावाच्या ग्रीक इतिहासकाराने चोवीसशे वर्षांपूर्वी अथेन्स आणि स्पार्टा यांच्या युद्धाचे मूळ असेच सांगितले होते: अथेन्सचे बळ वाढत गेले आणि त्याचे भय स्पार्टाला वाटू लागले. राज्ये भय, मान आणि लाभ या तिन्हींसाठी हातपाय हलवतात, असे त्याच्या ग्रंथातले अथेन्सचे वकील म्हणतात. आपण बोलताना लाभावर फार भर देतो, अमक्याला खाणी हव्या होत्या, तमक्याला बाजारपेठ हवी होती म्हणतो. ते खोटे नाही. पण माझ्या मते १९१४ ची गोष्ट उलगडायची तर भय हाच धागा आधी हाती धरावा लागतो, आणि तेही आजच्या संकटाचे नव्हे, उद्याच्या संकटाचे.

बघा, १८७१ मध्ये जर्मनीने फ्रान्सला हरवून आल्सास-लोरेन घेतले. तेव्हापासून फ्रान्स सूड घेईल ही जर्मनीला धास्ती. जुना मुत्सद्दी बिस्मार्क होता तोवर त्याने फ्रान्सला एकटे पाडून ठेवले. तो १८९० मध्ये गेला आणि चार वर्षांत फ्रान्स व रशिया यांचे सख्य पक्के झाले. म्हणजे जर्मनीच्या दोन्ही बांधांवर शत्रू. जर्मनीने मोठे आरमार बांधायला घेतले, तर समुद्र हेच ज्याचे शेत त्या इंग्लंडला घाम फुटला. त्याने १९०४ मध्ये फ्रान्सशी आणि १९०७ मध्ये रशियाशी जुनी भांडणे मिटवली. इंग्लंडला वाटले आपण आपला बचाव केला. जर्मनीला वाटले आपल्याला घेरले. रशिया फ्रेंच कर्जाच्या पैशातून पश्चिमेकडे रेल्वे टाकत होता. जर्मन सेनापती हिशेब मांडून बसले होते, की १९१७ च्या सुमारास हे रुळ आणि ही फौज पुरी झाली, की रशियापुढे आपला टिकाव नाही. लढाई व्हायचीच असेल तर ती आत्ताच झालेली काय वाईट? हा विचार ज्या राजधानीत शिरतो तिथे अर्धी लढाई झालेलीच असते.

तिकडे ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात अनेक जातीजमातींची माणसे कोंबलेली. शेजारचा छोटा सर्बिया त्यांतल्या स्लाव्ह लोकांना आपल्याकडे ओढील ही ऑस्ट्रियाला भीती. युवराजाचा खून झाल्यावर ऑस्ट्रियाने ठरवले, सर्बियाला आत्ताच ठेचायचा. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात जर्मनीने सांगून टाकले, तुम्ही काय करायचे ते करा, आम्ही पाठीशी आहोत. २३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला, मुदत अठ्ठेचाळीस तास. सर्बियाने बहुतेक सारे कबूल केले. ऑस्ट्रियाचे अधिकारी आमच्या मुलखात येऊन चौकशीत भाग घेणार, एवढे मात्र नाकारले. ते उत्तर वाचून जर्मन कैसर विल्हेल्म याने स्वतःच्या हाताने शेरा मारला, की आता युद्धाचे कारण उरले नाही. शेरा २८ जुलैचा. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने तारेने युद्ध पुकारले.

यापुढचे दिवस मला नेहमी फार चमत्कारिक वाटतात. कैसर आणि रशियाचा झार निकोलस हे एकमेकांचे आप्त. रात्री-अपरात्री एकमेकांना इंग्रजीत तारा करत होते, खाली सही "विली" आणि "निकी". दोघांनाही लढाई टळावी असे वाटत होते. २९ तारखेला झारने सगळ्या फौजेच्या जमवाजमवीचा हुकूम दिला, कैसरची तार आल्यावर रात्री परत घेतला, आणि ३० तारखेला मंत्री-सेनापतींच्या आग्रहाने पुन्हा दिला. आता आपला टेलिफोन फोडून टाकतो, म्हणजे कुणाला हुकूम फिरवता येणार नाही, असे रशियाच्या जनरल स्टाफचा प्रमुख म्हणाल्याची नोंद आहे. अडचण अशी, की त्या काळी लक्षावधी माणसे सरहद्दीवर न्यायची तर रेल्वेशिवाय गत्यंतर नव्हते, आणि रेल्वेची वेळापत्रके वर्षवर्ष आधी आखलेली. कुठल्या डब्यात कोणती पलटण, कोणत्या पुलावरून किती वाजता, सारे ठरलेले. जो दोन दिवस उशीर करील तो हरला, अशी प्रत्येकाची खात्री. म्हणून बोलण्याला सवड उरली नाही.

त्यातही जर्मनीचा बेत विचित्र होता. रशिया मोठा आणि मंद, म्हणून आधी फ्रान्सला सहा आठवड्यांत लोळवायचे आणि मग पूर्वेकडे वळायचे. म्हणजे भांडण सर्बियाचे, तोंड रशियाशी, आणि पहिला वार फ्रान्सवर. तोही बेल्जियमच्या अंगणातून. १ ऑगस्टला, इंग्लंड कदाचित फ्रान्सला स्वस्थ बसवील अशी बातमी बर्लिनला आली. बातमी चुकीची होती, पण कैसर हर्षून म्हणाला, मग सारी फौज रशियाकडेच वळवू. सेनापती मोल्ट्के उत्तरला, ते शक्य नाही. वर्षाची मेहनत आहे, आता फिरवली तर फौज न राहता नुसती झुंड होईल. लढाई संपल्यावर जर्मन फौजेच्या रेल्वे खात्यातल्याच एका सेनापतीने पुस्तक लिहून दाखवून दिले, की गाड्या वळवता आल्या असत्या. पण तेव्हा कोण ऐकतो? ४ ऑगस्टला जर्मन फौज बेल्जियममध्ये शिरली. बेल्जियमला कुणी हात लावणार नाही असा १८३९ चा तह होता, त्यावर इंग्लंडची सही होती. त्या रात्री इंग्लंड लढाईत उतरले.

आणि इंग्लंड उतरले म्हणजे आपण उतरलो. कुणी विचारले नाही. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांनी हिंदुस्थान युद्धात आहे असे जाहीर केले, झाले. नोव्हेंबरात तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने आला. इराणातल्या आबादानला इंग्रजांचा तेलाचा कारखाना. त्याच वर्षी इंग्रज सरकारने त्या तेल कंपनीत मोठा हिस्सा घेतला होता, कारण आरमार आता कोळशाऐवजी तेलावर चालू लागले होते. ते तेल राखायला जी फौज ६ नोव्हेंबर १९१४ ला इराकच्या किनाऱ्यावर फाओला उतरली, तिचे नाव सहावी पुणे डिव्हिजन. तीत मराठा पलटणी होत्या. म्हणजे सारायेव्होच्या गोळीपासून आपल्या चावडीपर्यंतची वाट ही अशी, तह आणि तेल यांच्या मार्गाने आली.

हीच डिव्हिजन बसऱ्याहून टायग्रिस नदीने वर वर गेली, बगदादच्या अलीकडे अडली, मागे हटली आणि डिसेंबर १९१५ मध्ये कूट नावाच्या गावात कोंडली गेली. जवळजवळ पाच महिने वेढा. धान्य संपत आले, घोडे कापले गेले. हिंदी शिपायांपैकी पुष्कळांनी घोड्याचे मांस खायचे बरेच दिवस नाकारले आणि उपासाने हाडे वर आली. २९ एप्रिल १९१६ ला सेनापती टाउनशेंड शरण गेला. मग वाळवंटातून पायी चालवत नेलेल्या कैद्यांपैकी कितीतरी वाटेतच पडले. साऱ्या युद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली, त्यांत लढणारे होते तसे खेचरे हाकणारे, स्वयंपाकी, भंगीही होते. सत्तर हजारांहून अधिक मेली.

आता दुसरा प्रश्न. एवढा रक्तपात झाल्यावर जगाची घडी कशी बदलते? याआधीही एकदा बदलली होती. नेपोलियनच्या पाडावानंतर १८१५ मध्ये व्हिएन्नाला बड्या राज्यांनी युरोपची मांडणी केली, आणि हरलेल्या फ्रान्सचा वकीलही त्या बैठकीत होता. त्या मांडणीने युरोपात शंभर वर्षे सार्वत्रिक युद्ध टाळले. (युरोपात, बरे का. त्याच इंग्लंडने तीनच वर्षांनी, १८१८ मध्ये, आपल्या पेशवाईचा निकाल लावला. घरच्या शांततेचा आणि परमुलखातल्या लढाईचा त्यांना काही विरोध वाटत नव्हता.) १९१९ मध्ये पॅरिसला उलटे झाले. जर्मनीला बोलणीत घेतलेच नाही. तयार मसुदा हाती दिला आणि २८ जून १९१९ रोजी, सारायेव्होला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, सही घेतली. जागाही कोणती? व्हर्सायच्या राजवाड्यातला तोच आरसेमहाल, जिथे १८७१ मध्ये जर्मनांनी आपले साम्राज्य पुकारले होते. असा सूड घेतला की तो परत यायचाच.

त्या तहावर हिंदुस्थानच्या नावानेही सही आहे. ती भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंग यांची. राष्ट्रीय सभेने प्रतिनिधी म्हणून निवडले होते लोकमान्य टिळकांना आणि त्यांच्याबरोबर गांधीजी व हसन इमाम यांना. टिळक तेव्हा खटल्यानिमित्त लंडनलाच होते. त्यांना पॅरिसला जाऊ दिले नाही, तेव्हा त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र लिहून हिंदुस्थानचे म्हणणे मांडले. माणसे आमची मेली, म्हणणे मात्र टपालाने पाठवावे लागले.

त्याच तहात एक नवी गोष्ट होती, राष्ट्रसंघ. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांची कल्पना, की राज्यांच्या वरही एक चावडी असावी. एकावर कुणी हल्ला केला तर तो सर्वांवर झाला असे समजायचे, हल्लेखोराशी सर्वांनी व्यापार तोडायचा. कल्पना मोठी होती. पण विल्सनच्याच देशाच्या सीनेटने ती नाकारली आणि अमेरिका बाहेर राहिली. संघाजवळ स्वतःचा शिपाई नव्हता. १९३१ मध्ये जपानने मांचुरिया घेतला. संघाने चौकशी केली, ठपका ठेवला, जपान उठून निघून गेला.

खरी कसोटी लागली ती हबसाणात, म्हणजे अबिसीनियात. आपल्या जंजिऱ्याच्या सिद्दींचे पूर्वज त्याच बाजूचे, म्हणून हे नाव आपल्याला परके नाही. १८९६ मध्ये अडोव्याच्या लढाईत हबशांनी इटलीचा साफ मोड केला होता. ती जखम मुसोलिनीने जपून ठेवली होती. ३ ऑक्टोबर १९३५ ला त्याने युद्ध न पुकारताच हल्ला केला. अबिसीनिया राष्ट्रसंघाचा सभासद, इटलीही सभासद. या वेळी संघाने इटलीला गुन्हेगार ठरवले आणि सुमारे पन्नास राष्ट्रांनी व्यापार तोडायचे कबूल केले. पण यादी पाहा. इटलीला बंद काय केले? शस्त्रे, कर्ज आणि काही जिन्नस. आणि तेल? तेल वगळले. रणगाडे, विमाने, मोटारी ज्यावर चालत होत्या तेच चालू. सुएझचा कालवा इंग्लंड-फ्रान्सच्या हाती होता, त्यातून इटलीची जहाजे भाडे भरून फौज नेत होती. तोही बंद केला नाही. का? तर मुसोलिनीला फार दुखावले तर तो हिटलरला जाऊन मिळेल ही भीती. पुन्हा उद्याचेच भय. डिसेंबरात इंग्लंड आणि फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्र्यांनी अबिसीनियाचा मोठा लचका इटलीला परस्पर देण्याचा गुपचूप बेतही केला. तो वर्तमानपत्रांत फुटला आणि इंग्लंडच्या मंत्र्याला पायउतार व्हावे लागले.

इकडे इटलीची विमाने अनवाणी हबशी शिपायांवर विषारी वायू सोडत होती. मे १९३६ मध्ये राजधानी पडली. ३० जूनला बादशहा हैले सेलासी जिनीव्हाला संघाच्या सभेपुढे उभे राहिले. गॅलरीतल्या इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या वाजवल्या, त्यांना बाहेर काढावे लागले. बादशहांनी आपल्या अम्हारिक भाषेत सांगितले, की प्रश्न एकट्या अबिसीनियाचा नाही, लहान राष्ट्रांना दिलेल्या शब्दाचा आहे. त्यानंतर पंधरवड्यातच निर्बंध उठवले गेले. मुसोलिनी तर हिटलरला मिळालाच. तेल बंद झाले असते तर आठवड्यात माघार घ्यावी लागली असती, अशी कबुली पुढे त्याने हिटलरपाशी दिली. हिटलरच्या दुभाष्याने ती नोंदवून ठेवली आहे. म्हणजे ज्या भयापोटी शब्द मोडला, ते भय शब्द मोडूनही टळले नाही. तीन वर्षांत दुसरे महायुद्ध पेटले.

१९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघ काढताना बड्यांनी जुन्या संघाची चूक आपल्या परीने सुधारली. मोठी राज्ये बाहेर राहू नयेत म्हणून अमेरिका, रशिया, इंग्लंड, फ्रान्स आणि चीन या पाचांना सुरक्षा समितीत कायमची जागा आणि नकाराधिकार दिला. थोडक्यात, गावच्या पंचांत पाच वजनदार घरे कायम, आणि त्यांच्यापैकी एकाविरुद्धही निकाल लागू शकत नाही. १९५६ मध्ये सुएझच्या हल्ल्यात इंग्लंड-फ्रान्सने हा अधिकार वापरून पाहिला. तेव्हा आमसभा बोलावली गेली, अमेरिकेने इंग्लंडची पैशाची नाडी आवळली, दोघांना माघार घ्यावी लागली, आणि सीमेवर उभ्या राहिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत आपले हिंदी जवान होते. उलट २००३ मध्ये अमेरिका आणि इंग्लंड समितीची संमती न घेताच इराकमध्ये शिरले. २५ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवरच्या स्वतःच्याच हल्ल्याचा निषेध करणारा ठराव स्वतःच्याच हाताने पाडला. एकावन्न सभासदांनिशी निघालेल्या या संस्थेत आज एकशे त्र्याण्णव राष्ट्रे आहेत, पण ती पाच घरे अजून तीच आहेत. भारत पहिल्या एकावन्नांत आहे. १९४५ ची ती सहीही पारतंत्र्यातलीच.

आता पुन्हा आपल्या पाटीकडे येऊ. इराकात मेलेल्या आणि ज्यांच्या कबरी-चिता कुठे ठाऊक नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांसाठी इंग्रजांनी बसऱ्याला स्मारक बांधले. १९९७ मध्ये ते इराक सरकारने उचलून शहराबाहेर वाळवंटात नेले. त्या भिंतींवर इंग्रज शिपायांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा. या भेदाबद्दल युद्धस्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाने २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली.

शिक्षक मित्रांनो, तुमच्या गावात अशी पाटी असेल तर वरच्या वर्गातल्या मुलांना तिच्यावरचा आकडा उतरवून घ्यायला सांगा आणि घरोघरी पाठवा. कुणाच्या पणजोबांचे पदक पेटीत असेल, कुणाकडे विधवेच्या पेन्शनीचा कागद असेल, कुणी म्हातारी "आमचे थोरले आजे बसऱ्याला गेले ते गेलेच" एवढेच सांगेल. जितकी नावे मिळतील तितकी शाळेच्या वहीत लिहून ठेवा.